मुलाखतीची हमी, छाननीची कात्री

ब्रिटनमध्ये एखाद्या सरकारी खात्याच्या, नगरपालिकेच्या किंवा मोठ्या कंपनीच्या नोकरीसाठी ऑनलाइन अर्ज भरायला बसले की पानांमागून पाने सरतात आणि शेवटाकडे एक छोटा चौकोन येतो. तुम्ही दिव्यांग आहात का, आणि असल्यास मुलाखतीच्या हमीच्या योजनेत तुमचा विचार व्हावा असे तुम्हाला वाटते का, एवढाच प्रश्न असतो. पण इथे अनेकांचे बोट थबकते. खूण केली, तर कागदावरून कुणाला कळली नसती अशी गोष्ट आपण होऊन सांगितली जाते. नाही केली, तर हक्काची मुलाखत हातची जाते. बराच विचार करून उमेदवार खूण करतो. काही आठवड्यांनी मेल येतो: अर्जांची संख्या मोठी होती, या वेळी आपल्याला मुलाखतीस बोलावता येत नाही, पुढील वाटचालीस शुभेच्छा.

जाहिरातीत मागितलेली पदवी त्याच्याकडे असते, अनुभवही असतो. मग हमीचे काय झाले, याबद्दल त्या मेलमध्ये अक्षरही नसते.

बोट थबकते त्याला कारण आहे. अमेरिकेत रटगर्स आणि सिरॅक्यूज विद्यापीठांतील संशोधकांनी हिशेबनिसाच्या नोकऱ्यांसाठी ६,०१६ काल्पनिक अर्ज पाठवले. पात्रता तोडीस तोड ठेवली. काही अर्जांच्या सोबतच्या पत्रात उमेदवाराला मणक्याची इजा किंवा ॲस्पर्गर सिंड्रोम असल्याचा उल्लेख केला, बाकीच्यांत केला नाही. हिशेब लिहिण्याच्या कामात या दोहोंपैकी कशानेही अडू नये, अशीच ती पदे निवडलेली होती. तरीही ज्या अर्जांत अपंगत्वाचा उल्लेख होता, त्यांना मालकांकडून आलेली उत्सुकतेची उत्तरे २६ टक्क्यांनी कमी होती. म्हणजे माणूस समोर यायच्या आत, त्याचा आवाज ऐकायच्या आत, एका वाक्याने त्याचे वजन घटले.

मुलाखतीची हमी ही कल्पना नेमकी या क्षणासाठी जन्माला आली. कागदावर जो हरतो, त्याला निदान समोर बसून बोलू द्या, हा तिचा गाभा. कल्पना साधी आहे आणि चांगली आहे. तिचे जे झाले, ते मात्र चांगले नाही.

ती आली कुठून, हे पाहायला थोडे मागे जावे लागते. दुसऱ्या महायुद्धातून जखमी होऊन परतणाऱ्या सैनिकांच्या आणि कारखान्यांत हातपाय गमावलेल्या कामगारांच्या रोजगाराचा प्रश्न समोर ठेवून ब्रिटनने १९४४ मध्ये दिव्यांगांच्या रोजगाराचा कायदा केला. वीस किंवा अधिक कामगार असलेल्या प्रत्येक मालकाने तीन टक्के जागांवर नोंदणीकृत दिव्यांग व्यक्ती घ्याव्यात, असा त्यात दंडक होता. शिवाय दोन प्रकारची कामे त्यांच्यासाठी राखून ठेवली गेली. एक लिफ्टमनचे, दुसरे गाड्यांच्या वाहनतळावरच्या राखणदाराचे. देशासाठी लढलेल्या माणसाची पात्रता राज्यकर्त्यांनी कुठवर ताणली होती, हे या दोन कामांवरून कळते.

पण तो तीन टक्क्यांचा दंडकही कागदावर राहिला. सूट देणारे परवाने घाऊक वाटले गेले. अर्ध्या शतकात या कायद्याखाली खटले भरले गेले ते जेमतेम दहाच्या आसपास. पुढे नव्वदच्या दशकात दिव्यांगांच्या चळवळीने जोर धरला. चाकाच्या खुर्च्यांवरची माणसे लंडनच्या बसगाड्यांना स्वतःला साखळ्यांनी बांधून घेऊ लागली. १९९४ मध्ये त्यांच्या नागरी हक्कांचे विधेयक संसदेत बुडवले गेले, तेव्हा दिव्यांगांचे खाते सांभाळणारे मंत्री निकोलस स्कॉट यांच्या विरोधात त्यांची मुलगी व्हिक्टोरिया स्कॉट जाहीरपणे उभी राहिली. ती दिव्यांगांच्याच एका संस्थेत काम करत होती. त्या दबावातून १९९५ चा भेदभावविरोधी कायदा आला. त्याने भेदभाव बेकायदा ठरवला आणि त्याच वेळी तीन टक्क्यांची सक्ती रद्द केली.

सक्ती जाण्याआधीच, १९९० मध्ये, सरकारच्या रोजगार सेवेने एक चिन्ह काढले होते: दोन बरोबरच्या खुणा. लोक त्याला ‘टू टिक्स’ म्हणत. हे चिन्ह जाहिरातीवर छापायचे तर मालकाने पाच वचने द्यायची. त्यातले पहिले आणि सर्वांत ठळक वचन हे, की किमान पात्रता पूर्ण करणाऱ्या प्रत्येक दिव्यांग अर्जदाराला मुलाखतीस बोलावले जाईल. २०१६ मध्ये या चिन्हाची जागा ‘डिसॅबिलिटी कॉन्फिडंट’ नावाच्या तीन पायऱ्यांच्या योजनेने घेतली. आज हजारो मालकांकडे तिचे बिल्ले आहेत. पहिल्या दोन पायऱ्या चढायला बाहेरचा कुणी तपासनीस लागत नाही. मालक स्वतःच प्रश्नावली भरतो आणि स्वतःच स्वतःला उत्तीर्ण करतो.

असल्या चिन्हांमागे किती वचने पाळली जातात, हे किम होक, निक बेकन आणि डेव्ह पार या तीन अभ्यासकांनी तपासले. त्यांचा निबंध २०१४ मध्ये प्रसिद्ध झाला. चिन्ह मिरवणाऱ्या आस्थापनांपैकी १८ टक्के ठिकाणी पाचपैकी एकही वचन पाळले जात नव्हते आणि ३८ टक्के ठिकाणी फक्त एकच. दुकानदाराने काट्यावर शिक्का मारून घ्यावा आणि काटा तपासायला पुन्हा कुणी येऊच नये, तसा हा प्रकार. नवी योजना आणताना ही पाहणी हाताशी होती. तरीही स्वतःची परीक्षा स्वतःच तपासण्याची पद्धत कायम राहिली.

वचन मोडते कुठे, हा कळीचा प्रश्न आहे. मालक सहसा उघड नकार देत नाही. तो ‘किमान पात्रता’ या दोन शब्दांच्या आड उभा राहतो.

जाहिरातीत आवश्यक पात्रता वेगळी आणि इष्ट पात्रता वेगळी लिहिण्याची रीत आहे. हमी असते ती आवश्यक पात्रतेपुरती. पण जाहिरातीला अपेक्षेपेक्षा दुप्पट अर्ज आले की छाननी करणाऱ्याची नजर इष्ट रकान्याकडे वळते आणि जे असले तर बरे होते, ते आता असलेच पाहिजे होऊन बसते. जाहिरातीचा मजकूर तोच राहतो, किमान मात्र वर चढते. उमेदवाराला हे कळायला मार्ग नाही, कारण गुणांचा तक्ता त्याला कुणी दाखवत नाही. कधी अट आधीपासूनच वाकडी असते. ज्या कामात महिन्यातून दोनदा दुसऱ्या कार्यालयात जावे लागते, त्याला गाडी चालवण्याचा परवाना आवश्यक ठरवला जातो. दृष्टिहीन किंवा फिट्स येणारा उमेदवार तिथेच बाद होतो. बस किंवा टॅक्सीने तेच काम होईल का, हे विचारायची वेळच येत नाही. कधी अट ‘पाच वर्षांचा अखंड अनुभव’ अशी असते. ज्याची मध्ये दोन वर्षे इस्पितळात गेली, त्याच्या अर्जातली ती पोकळी सगळ्यांत आधी नजरेत भरते.

याखेरीज योजनेच्या मजकुरातच एक पळवाट लिहून ठेवलेली आहे. अर्ज फार आले, हंगामी भरती असली किंवा कामाची घाई असली, तर मालकाला एकूण मुलाखतींची संख्या मर्यादित ठेवता येते आणि किमान पात्रता असलेल्या सगळ्या दिव्यांगांऐवजी त्यांतल्या सर्वोत्तमांना तेवढे बोलावता येते. शंभर जागांसाठी तीन हजार अर्ज आले, तर सगळ्यांच्या मुलाखती घेणे अवघड जाते, हे खरेच आहे. पण ऑनलाइन भरतीच्या काळात कोणत्या बऱ्या नोकरीला अर्ज फार येत नाहीत? नेहमीच लागू पडणारा अपवाद हा अपवाद राहत नाही. हमीची गरज सगळ्यांत जास्त असते ती गर्दीतच, आणि हमी पातळ होते तीही गर्दीतच.

आणखी एक चाळणी या सगळ्याच्या आधी बसते. संगणकावरची चाचणी. तिचे स्वरूप ब्रिटनच्या सरकारी विधी सेवेच्या खटल्यात पुरते उघड झाले. २०१५ मध्ये ब्रूक्स नावाच्या उमेदवाराने प्रशिक्षणार्थी वकिलाच्या पदासाठी अर्ज केला. त्यांना ॲस्पर्गर सिंड्रोम आहे. पहिल्या पायरीवर बहुपर्यायी प्रश्नांची चाचणी होती: अमुक प्रसंगी तुम्ही काय कराल, दिलेल्या पर्यायांतून निवडा. काल्पनिक प्रसंगांतल्या अशा निवडींनी गोंधळ उडतो, तेव्हा थोडक्यात लिहून उत्तरे देऊ द्यावीत, अशी विनंती त्यांनी आधीच केली होती. तशी सोय नाही, असे उत्तर आले. त्यांना २२ पैकी १२ गुण मिळाले, उत्तीर्ण व्हायला १४ लागत होते. दोन गुणांनी दार बंद झाले. रोजगार न्यायाधिकरणाने हा भेदभाव ठरवला आणि २०१७ मध्ये अपिलातही तो निकाल टिकला. भरपाई मिळाली ८६० पौंड.

इथे लक्षात घेण्याजोगी गोष्ट ही, की मापनाचे साधनच पक्षपाती असेल, तर त्या साधनाने मोजलेले किमान हे किमान नसते. उत्तम वकील एखाद्या चौकोनावर खूण करून पक्षकाराला सल्ला देत नाही, तो लिहून आणि बोलून देतो. ब्रूक्स यांनी मागितलेली सवलत कामाच्या जास्त जवळची होती. तरी सरकारच्या स्वतःच्या कायदेपंडितांना ते पटवायला एका उमेदवाराला न्यायालयात जावे लागले.

इथे एक आक्षेप नेहमी येतो, आणि तो टाळून पुढे जाणे अप्रामाणिकपणाचे होईल. सत्तर गुणांच्या धडधाकट उमेदवाराला न बोलावता पन्नास गुणांच्या दिव्यांगाला मुलाखतीस बोलावणे हा अन्याय नाही का? ब्रिटनच्या कायद्याने याचे उत्तर स्पष्ट दिलेले आहे. २०१० च्या समता कायद्यात दिव्यांग व्यक्तीला अधिक अनुकूल वागणूक देणे हा इतरांवरचा भेदभाव मानला जात नाही. त्यामागचे कारण तर्काला धरून आहे. दोन्ही उमेदवारांचे गुण एकाच कागदावरून दिलेले असतात आणि त्या कागदावर एकाच्या वाटेतले जिने दिसत नाहीत. मुलाखत म्हणजे नोकरी नव्हे. ती अर्ध्या तासाची एक बैठक आहे. तिथे कागदाची चूक दुरुस्त होऊ शकते, आणि कागद बरोबर असेल तर तेही सिद्ध होते.

दुसरा आक्षेप दिव्यांगांच्या बाजूनेच येतो आणि तो अधिक बोचरा आहे. निवड आधीच ठरलेली असताना केवळ बिल्ल्याची लाज राखण्यासाठी बोलावले जाते. प्रवासाचा खर्च, दुभाष्याची जुळवाजुळव, रात्रीची झोप, सगळे वाया जाते. हेही खरे आहे. मुलाखत मिळूनही काय होते, हे स्कॉटलंडच्या सुझन आर्चिबाल्ड यांच्या खटल्यातून दिसते. त्या फाइफ परगण्याच्या परिषदेत रस्ते झाडण्याचे काम करत. १९९९ मध्ये एका किरकोळ शस्त्रक्रियेत गुंतागुंत झाली आणि त्यांचे चालणे जवळजवळ थांबले. बसून करण्याचे काम त्या करू शकत होत्या, परिषदेने त्यांना कार्यालयीन कामाचे प्रशिक्षणही दिले. पण ती पदे झाडूवालीच्या पदापेक्षा जराशी वरच्या श्रेणीची होती, म्हणून प्रत्येक ठिकाणी इतरांशी स्पर्धा करून मुलाखत द्यायची, असा नियम होता. त्यांनी शंभराहून अधिक पदांसाठी प्रयत्न केले. एकही मिळाले नाही. समोरच्यांना आपल्या हातातला झाडूच दिसतो, अशी त्यांची भावना झाली. शेवटी त्यांना कामावरून कमी करण्यात आले. २००४ मध्ये हाउस ऑफ लॉर्ड्सने निर्णय दिला, की वाजवी तडजोडीच्या कर्तव्यात अशा व्यक्तीला स्पर्धात्मक मुलाखतीविना पद देणेही बसू शकते.

म्हणजे मुलाखत हा शेवट नाही, हे मान्य. पण दुसऱ्या आक्षेपातून मुलाखतीची हमी निरुपयोगी असा निष्कर्ष काढणे चुकीचे आहे. दारातून आत आल्यावर वाईट वागणूक मिळते, म्हणून दार बंद ठेवा असे कुणी म्हणत नाही.

खरा दोष त्या हमीच्या जातकुळीत आहे. ब्रिटनची ही हमी म्हणजे स्वेच्छेने दिलेले वचन आहे. ते मोडले म्हणून उमेदवाराला थेट दाद मागता येत नाही. त्याला समता कायद्याखाली भेदभाव झाला असे सिद्ध करावे लागते, आणि सिद्ध करायची कागदपत्रे असतात मालकाच्या कपाटात.

जर्मनीने हेच काम दुसऱ्या रीतीने केले आहे. तिथे बिल्ला नाही, कायद्याचे कलम आहे. गंभीर अपंगत्व असलेल्या व्यक्तीने सार्वजनिक संस्थेतल्या पदासाठी अर्ज केला, तर तिला मुलाखतीस बोलावणे बंधनकारक आहे. उमेदवार उघड उघड अपात्र असेल तरच सूट. न बोलावणे हेच भेदभाव झाल्याचे सूचक मानले जाते आणि तसे झाले नाही हे दाखवण्याचे ओझे संस्थेवर येते. एरवीही ज्याची निवड झाली नसती, त्यालासुद्धा तीन महिन्यांच्या पगाराइतकी भरपाई मिळू शकते.

या कलमाचा कस कोलोनच्या एका प्रकरणात लागला. २०१५ च्या ऑगस्टमध्ये एका उमेदवाराने तिथल्या उच्च प्रादेशिक न्यायालयाच्या अखत्यारीत बेलिफाच्या सेवेसाठी ईमेलने अर्ज केला. कायद्याने गंभीर दिव्यांगांच्या बरोबरीचा दर्जा आपल्याला असल्याचे त्याने अर्जात स्पष्ट लिहिले होते. त्याला बोलावणे आले नाही. न्यायालयाच्या प्रशासनाने सांगितले, की यात कुणाचा हेतू नव्हता. मेलची पेटी भरून वाहत होती, त्यात अर्ज राहून गेला, संबंधितांपर्यंत पोचलाच नाही. संघराज्याच्या श्रम न्यायालयाने २०२० च्या जानेवारीत ही सबब फेटाळली. अर्ज तुमच्या पेटीत पडला होता, तो वाचण्याची व्यवस्था करणे तुमचे काम. दीड महिन्याचा पगार, म्हणजे ३,७१७ युरो ३० सेंट, त्या उमेदवाराला द्यावे लागले.

भरलेली मेलपेटी आणि ‘अर्जांची संख्या मोठी होती’ हे वाक्य यांत फारसा फरक नाही. एका देशात त्या सबबीची किंमत मोजावी लागते, दुसऱ्यात ती शुभेच्छांसह पाठवली जाते.

मराठी वाचकाला ‘हमी’ या शब्दाचा हा अर्थ समजावून सांगावा लागू नये. दुष्काळाच्या अनुभवातून आणि वि. स. पागे यांच्या चिकाटीतून महाराष्ट्राने रोजगार हमीचा कायदा १९७७ मध्ये केला, १९७९ पासून तो अमलात आला. काम मागितल्यापासून पंधरा दिवसांत काम मिळाले नाही, तर बेकारी भत्ता देण्याची तरतूद त्यात होती. रक्कम होती दिवसाला किमान एक रुपया. तो रुपया किती जणांच्या हातावर पडला, हा प्रश्न रास्तच आहे. तरी कायदा लिहिणाऱ्यांना एक गोष्ट कळली होती: मोडल्यावर देणाऱ्याच्या खिशातून काहीतरी जायला हवे. ब्रिटनच्या मुलाखत-हमीत नेमके हेच नाही. म्हणून तिला हमी म्हणू नये. ती सदिच्छा आहे.

याचे फळ आकड्यांत दिसते. ब्रिटनमध्ये कामाच्या वयातल्या दिव्यांग व्यक्तींपैकी सुमारे ५३ टक्के नोकरीधंद्यात आहेत, इतरांपैकी सुमारे ८२ टक्के. ही दरी निम्म्यावर आणू, असे आश्वासन हुजूर पक्षाने २०१५ च्या जाहीरनाम्यात दिले होते. दोन वर्षांनी ते बदलून दिव्यांग नोकरदारांच्या एकूण संख्येत दहा लाखांनी वाढ, असे नवे लक्ष्य ठेवले गेले. संख्या वाढली आणि लक्ष्य गाठल्याचे जाहीर झाले. पण अपंगत्व नोंदवणाऱ्या लोकांची संख्याच त्या काळात वाढत होती. दरी थोडी घटली, निम्म्यावर मात्र आली नाही.

भारताने तिसरी वाट धरली. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने सरकारी नोकऱ्यांत चार टक्के जागा राखीव ठेवल्या, मुलाखतीची हमी मात्र कुणाला दिली नाही. इथली कात्री बऱ्याचदा निवडीनंतर चालते. उल्हासनगरच्या प्रांजल पाटील यांनी २०१५ च्या केंद्रीय लोकसेवा परीक्षेत ७७३ वा क्रमांक मिळवला, मुलाखत दिली, रेल्वेची लेखासेवा त्यांच्या वाट्याला आली. त्यानंतर पूर्ण दृष्टिहीन असल्याचे कारण देऊन रेल्वेने त्यांना नाकारले. पुढच्या वर्षीच्या परीक्षेत त्यांनी १२४ वा क्रमांक काढला आणि २०१९ मध्ये तिरुअनंतपुरमच्या उपजिल्हाधिकारी म्हणून खुर्चीवर बसल्या. त्यांनी दुसऱ्यांदा परीक्षा दिली, म्हणून ही गोष्ट अभिमानाने सांगितली जाते. ती त्यांना द्यावी का लागली, याची लाज वाटणे जास्त गरजेचे आहे.

आणि सरकारी नोकऱ्या आहेत किती? बहुतेक तरुणांना खासगी क्षेत्राकडेच जावे लागते. तिथे २०१६ चा कायदा आरक्षणाची सक्ती करत नाही. एक गोष्ट मात्र त्याने खासगी आस्थापनांवरही बंधनकारक केली आहे. कलम २१ प्रमाणे प्रत्येक आस्थापनेने समान संधीचे धोरण लिहून जाहीर करायचे आहे आणि ते दिव्यांगांसाठीच्या आयुक्तांकडे नोंदवायचे आहे. वीस किंवा अधिक कर्मचारी असतील, तर दिव्यांगांची निवड कशी करणार, हेही त्या धोरणात लिहायचे आहे.

पुण्या-मुंबईतल्या, नाशिक-छत्रपती संभाजीनगरच्या औद्योगिक वसाहतींतल्या ज्या कंपन्या हे धोरण लिहिणार आहेत किंवा वकिलाकडून लिहून घेणार आहेत, त्यांनी ब्रिटनच्या बिल्ल्याची नक्कल करू नये. आपल्या धोरणात चार वाक्ये घालावीत. जाहिरातीत छापलेली आवश्यक पात्रता छाननीच्या वेळी बदलणार नाही. ती पूर्ण करणाऱ्या प्रत्येक दिव्यांग उमेदवाराला मुलाखतीस बोलावू. न बोलावल्यास कोणती अट अपुरी पडली, ते पंधरा दिवसांत त्याला लेखी कळवू. आणि वर्षभरात असे किती अर्ज आले, किती जणांना बोलावले, किती जणांना घेतले, हे तीन आकडे दरवर्षी जाहीर करू.